शिंपल्यांतील विष

तिसऱ्यांची पाटी दारात उतरली की घरातील जाणती बाई पहिल्याने काय करते, हे गोव्या-कारवारच्या माणसास सांगावयास नको. दोन तिसऱ्या हातात घेऊन ती एकमेकींवर आपटून पाहते. आवाज भरीव आला तर आत जीव आहे. पोकळ आला तर नुसता चिखल. मग त्या तिसऱ्या पाण्यात घालून ठेवावयाच्या, पोटातील रेव टाकू द्यावयाची, आणि चुलीवर चढवल्यावर जिचे तोंड उघडणार नाही ती निमूटपणे बाजूस काढावयाची. आमच्या घरी न उघडलेली एखादी तिसरी चुकून मुलांच्या ताटात आली, तर आजी ती स्वतःच्या हाताने उचलून नेत असे व मगच घास घेऊ देत असे.

ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवावर उभी आहे आणि ती मुळीच खोटी नाही. मेलेला शिंपला लवकर कुजतो, कुजलेला शिंपला खाल्ल्याने वांत्या-जुलाब होतात, आणि ते टाळण्यास ही परीक्षा पुष्कळ उपयोगी पडते. पण शिंपल्यांत कधी कधी एक विष असे येते की, ते या साऱ्या परीक्षांतून सहीसलामत पार होऊन ताटात पोहोचते. ज्या शिंपल्यात ते असते तो जिवंत असतो, ताजा असतो, त्याचे तोंड वाफ लागताच उघडते. त्यास वास येत नाही, चवीत फरक पडत नाही. कितीही उकळले तरी ते जात नाही. उलट ते पाण्यात विरघळणारे असल्यामुळे रश्श्यात उतरते. सुगरणीचे सारे शहाणपण जेथे संपते, तेथून या विषाची गोष्ट सुरू होते.

ती गोष्ट परदेशातील म्हणून सोडून द्यावी अशीही नाही. केरळच्या दक्षिण टोकास, तिरुवनंतपुरमपासून जवळच, विळिंजम हे मच्छीमारांचे बंदर आहे. तेथील समुद्रात खडकांना चिकटून तपकिरी रंगाचे शिनाणे वाढतात. बुडी मारून ते काढणे आणि विकणे हा तेथील कित्येक कुटुंबांचा जुना धंदा. १९९७ च्या सप्टेंबर महिन्यात हेच शिनाणे खाऊन सुमारे पाचशे लोक इस्पितळात दाखल झाले आणि त्यांतील सात दगावले. त्याआधी १९८१ साली तामिळनाडूत खाडीतील शिंपले खाऊन ८५ जणांना इस्पितळात न्यावे लागले होते व तिघे मरण पावले होते. ते शिंपले आपल्या तिसऱ्यांच्याच गोतातले. पुढे १९८३ साली मंगळूरच्या दक्षिणेस कुंबळे येथील खाडीत तोच प्रकार घडला, आणि मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातील संशोधकांनी त्यामागचे कारण शोधून प्रसिद्ध केले. म्हणजे कोचीपासून मालवणापर्यंत जो एकच समुद्र आपणां सर्वांस अन्न देतो, त्याच्याच काठावरची ही हकीकत आहे.

हे विष शिंपला स्वतः तयार करीत नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. शिंपला येथे केवळ वाहक होय. विष तयार होते ते समुद्राच्या पाण्यात तरंगणाऱ्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या शैवालांत. शैवाल म्हटले की तळ्यावरचे हिरवे शेवाळे आपल्या डोळ्यांसमोर येते. पण समुद्रातील ही शैवाले एकाच पेशीची असतात. सूर्यप्रकाशावर ती आपले अन्न स्वतः तयार करतात, आणि समुद्रातील झाडून साऱ्या जीवांचे पोट अखेर त्यांच्यावरच भरते. पृथ्वीवरील वनस्पती जेवढा प्राणवायू निर्माण करतात त्याचा जवळजवळ निम्मा वाटा या सूक्ष्म जीवांचा आहे. तेव्हा त्यांना सरसकट दुष्ट ठरविणे कृतघ्नपणाचे होईल. त्यांच्या हजारो जातींपैकी विषारी अशा फारच थोड्या.

त्या थोड्यांत एका कुळाचे नाव डायनोफ्लॅजेलेट असे आहे. नाव जिभेला जड आहे, पण अर्थ सोपा आहे. या जीवांना चाबकासारखे दोन तंतू असतात. एक कमरेभोवतीच्या खाचेत फिरतो व दुसरा मागे लोंबतो. त्यांच्या योगाने हा जीव गरगर फिरत पुढे जातो. ‘डायनो’ या ग्रीक शब्दाचा रोख त्या गरगरण्याकडेच आहे. आपण सोयीसाठी त्यांना भिंगऱ्या म्हणू. भिंगरी एवढी लहान की एका मिलिमीटरच्या अंतरात तीसेक भिंगऱ्या सहज ओळीने बसतील. यांपैकी अलेक्झांड्रियम, जिम्नोडिनियम व पायरोडिनियम या तीन घराण्यांतील काही जाती ते पक्षाघाती विष तयार करतात.

एरवी त्यांची संख्या बेताची असते. पण ऋतू अनुकूल आला, तळाचे पोषक क्षार वर आले, पाणी उबदार व शांत राहिले, की एका पेशीच्या दोन, दोनांच्या चार असे करीत त्या पाहता पाहता अगणित होतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर याचा ऋतूही साधारण ठरलेला आहे. नैऋत्य मोसमी वारे वाहू लागले की किनाऱ्यालगतचे वरचे पाणी बाहेर लोटले जाते आणि खोलातील थंड, क्षारयुक्त पाणी त्या जागी वर येते. नद्याही शेतांतील व गावांतील खत-घाण घेऊन येतात. पावसाचा जोर ओसरून भाद्रपद-आश्विनात पाणी निवळू लागले की शैवालांची दिवाळी सुरू होते. विळिंजमची घटना सप्टेंबरातील होती, हे या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे.

हंगाम संपला की भिंगऱ्या नाहीशा होतात असे वाटते. पण तसे नाही. त्यांतील कित्येक जाती जाड कवचाची बीजे तयार करतात. ती तळाच्या गाळात जाऊन निजतात, वर्षानुवर्षे तशीच पडून राहतात, आणि योग्य वेळ येताच जागी होतात. आपल्या शेतातील तण जसे एकदा मातीत पडले की शेतकऱ्याचा पिच्छा सोडीत नाही, तसेच हे. शिवाय जहाजे आपला तोल राखण्यासाठी पोटात पाणी भरून घेतात व दुसऱ्या बंदरात ते सोडतात. त्या पाण्याबरोबर ही बीजे एका महासागरातून दुसऱ्यात जातात. या पाण्यावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली झाला. तो अंमलात यावयास २०१७ साल उजाडले.

आता शिंपल्याकडे वळू. शिनाणे, तिसऱ्या, खुबे, कालवे ही सारी मंडळी एका जागी बसून जेवणारी. पाणी आत घ्यावयाचे, कल्ल्यांच्या चाळणीतून गाळावयाचे, सूक्ष्म कण पोटात ढकलावयाचे व पाणी बाहेर सोडावयाचे, हा त्यांचा अहोरात्र चाललेला उद्योग. चांगला वाढलेला शिनाणा तासाला लिटर-दोन लिटर पाणी गाळतो. म्हणजे पाण्यात विखुरलेले विष गोळा करून एका घासात आणून ठेवणारे यंत्रच म्हणा ना! पाण्यात पोहणाऱ्या माणसाला ज्याची बाधा होत नाही, ते दिवसभराच्या गाळणीनंतर शिनाण्याच्या पोटात घातक प्रमाणात साठते.

मग खुद्द शिनाणा कसा मरत नाही? हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेलच. त्याचे उत्तर कळण्यासाठी विष काय करते ते पाहावे लागेल. आपल्या मज्जातंतूंतून निरोप जातो तो विजेच्या एका लाटेसारखा. तंतूच्या आवरणात सूक्ष्म दारे असतात. ती उघडतात, बाहेरचे सोडियमचे कण आत धावतात, आणि निरोप पुढे सरकतो. हे विष नेमके त्या दारात बाटलीच्या बुचासारखे जाऊन बसते. दार बंद, निरोप बंद. मेंदू स्नायूंना आज्ञा देतो, पण ती पोहोचतच नाही. शिंपल्यांच्या मज्जातंतूंतील दारांची घडण मुळातच थोडी निराळी असते. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर ज्या भागांत हे विष वारंवार येते, तेथील एका जातीच्या शिंपल्यांत त्या दाराची घडण आणखी बदलून बूच नीट बसेनासे झाले आहे, असे २००५ साली संशोधकांनी दाखवून दिले. निसर्गाने शिंपल्याची सोय केली. आपली केली नाही.

मनुष्याच्या अंगी हे विष भिनू लागले की अर्ध्या तासापासून दोनेक तासांत ओठ, जीभ व हिरड्या यांना मुंग्या येतात, मग बधिरपणा चेहऱ्यावर व मानेवर पसरतो, बोटांची टोके चुणचुणतात. पुष्कळांना आपण हवेत तरंगत आहो असे वाटते. पुढे पाय लटपटतात, बोलणे अडखळते, गिळता येईनासे होते. अखेरीस छातीचे स्नायू थकतात व श्वास थांबतो. सर्वांत करुण गोष्ट ही की, बहुधा रोग्याची शुद्ध शेवटपर्यंत शाबूत असते. भोवतालची माणसे काय बोलतात ते त्याला ऐकू येत असते. प्रौढ माणसाचा जीव घेण्यास हे विष मोहरीच्या एका दाण्याएवढेही पुरे होते.

या विषाचा पहिला तपशीलवार वृत्तांत आपणांस मिळतो तो एका दर्यावर्दी कप्तानाच्या रोजनिशीवरून. १७९३ साली जॉर्ज व्हँकूव्हर हा इंग्रज कप्तान उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची मोजणी करीत होता. जून महिन्यात त्याच्या होड्यांतील काही माणसांनी एका खाडीत उतरून न्याहारीस शिनाणे भाजून खाल्ले. थोड्याच वेळात त्यांची तोंडे व हातपाय बधिर होऊ लागले. वल्ही मारून घाम काढला तर विष निघून जाईल, असे त्यांच्या अधिकाऱ्यास वाटले. बिचारे वल्ही मारीत राहिले. जॉन कार्टर नावाचा खलाशी किनाऱ्यास लागेपर्यंत वल्हे ओढीत होता. उतरून उभा राहू गेला तो पायांत बळच उरले नव्हते, आणि त्याच दुपारी तो वारला. बाकीचे वाचले. व्हँकूव्हरने त्या भागातील एका उपसागरास कार्टरचे नाव दिले, आणि जेथे ते शिनाणे खाल्ले त्या जागेस ‘विषाची खाडी’ असे नाव दिले. कॅनडाच्या नकाशावर ती दोन्ही नावे आजही आहेत.

नाव पडले, पण कारण कळावयास पुढे जवळजवळ दीडशे वर्षे लागली. १९२७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास शिनाणे खाऊन १०२ लोक आजारी पडले व सहा मरण पावले. तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठातील हर्मन सोमर व कार्ल मायर या संशोधकांनी हे काम हाती घेतले. तोपर्यंत लोक नाना तर्क करीत: शिनाणे कुजके असतील, गटाराचे पाणी लागले असेल, त्यांना काही रोग झाला असेल, जहाजाच्या तांब्याचा कळंक लागला असेल. सोमर व मायर यांनी वर्षामागून वर्षे शिनाण्यांचा अर्क काढून उंदरांस टोचला आणि त्याच जागच्या पाण्यातील सूक्ष्म जीव मोजले. ज्या दिवसांत एका विशिष्ट भिंगरीची संख्या वाढे, त्याच दिवसांत शिनाणे विषारी होत. ती गेली की काही आठवड्यांत शिनाणे पुन्हा निर्दोष होत. १९३७ साली त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. वीस ग्रॅम वजनाच्या उंदरास पंधरा मिनिटांत मारील एवढे विष म्हणजे एक ‘उंदीर-माप’, असे एक मापही यातूनच रूढ झाले आणि कित्येक दशके जगभर तेच चालले. उंदरांच्या वाट्यास हा मान आला खरा, पण तो त्यांना विचारून दिलेला नव्हे! आता बहुतेक प्रगत देशांत हे काम रासायनिक यंत्रांनी होते. कॅलिफोर्नियात मात्र आजही दरवर्षी १ मेपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत किनाऱ्यावरचे शिनाणे खाण्यासाठी खाजगी रीतीने गोळा करण्यास मनाई असते.

पुढे अलास्कातील ज्या मोठ्या शिंपल्यातून हे विष शुद्ध स्वरूपात काढण्यात आले, त्याच्या शास्त्रीय नावावरून विषाचे नाव सॅक्सिटॉक्सिन असे पडले. त्या शिंपल्याची खोड अशी की, इतर जाती काही आठवड्यांत विष टाकून देतात, तो मात्र दोन-दोन वर्षे ते अंगी बाळगतो. हे शुद्धीकरण अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेत झाले, हे सांगितले म्हणजे त्यामागील हेतूविषयी निराळे बोलावयास नको. १९६० साली रशियावर हेरगिरीस गेलेला जो अमेरिकन वैमानिक पकडला गेला, त्याच्याजवळ चांदीच्या नाण्यात दडविलेली एक सुई होती; तिच्यावर शिंपल्यांचेच विष होते. १९९३ च्या रासायनिक अस्त्रबंदी करारात सॅक्सिटॉक्सिनचे नाव पहिल्या वर्गात घातलेले आहे. कोळ्याच्या चुलीवरचे भांडे आणि सैन्याचे कोठार यांत हेच एक सामाईक!

पक्षाघाती विष हे या घराण्यातील थोरले. त्याला धाकटी भावंडे आहेत. १९७६ साली जपानात शिनाणे खाऊन लोकांना जुलाब-वांत्या झाल्या आणि त्यातून दुसऱ्या एका भिंगरीच्या विषाचा शोध लागला. त्याने माणूस सहसा मरत नाही, पण बेजार होतो. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील एका जातीचे विष तर लाटांच्या तुषारांबरोबर हवेत उडते व किनाऱ्यावर फिरणाऱ्यांस खोकला आणते.

मात्र १९८७ साली कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावर जे घडले ते सर्वांहून चमत्कारिक. तेथील लागवडीचे शिनाणे खाऊन शंभरावर माणसे आजारी पडली, तीन दगावली, आणि वाचलेल्यांपैकी काहींची स्मृती गेली. जुने सारे आठवे, पण सकाळी भेटून गेलेला माणूस दुपारी आठवत नसे. हॅलिफॅक्स येथील प्रयोगशाळेने अवघ्या काही दिवसांत विष ओळखले. ते डोमोइक आम्ल निघाले, आणि ते भिंगरीचे नसून वाळूसारख्या कवचाच्या डायटम नावाच्या शैवालाचे होते. गंमत अशी की, हाच पदार्थ जपानातील एका समुद्री वनस्पतीत असतो, व ती वनस्पती तेथे पोटातील जंतांवर औषध म्हणून देत असत. तेव्हापासून शिनाण्यांची तपासणी करताना हेही विष पाहिले जाते.

त्याच १९८७ साली मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालाच्या किनाऱ्यावर चांपेरिको येथे शिंपल्यांचे सार पिऊन १८७ लोकांना पक्षाघाती विष बाधले व २६ जण मेले. सहा वर्षांखालील बाधित मुलांपैकी निम्मी गेली; प्रौढांत हे प्रमाण शेकडा सातच्या आसपास होते. घास तोच, पण देह लहान. शिवाय आपल्याकडे जशी चाल आहे तशीच तेथेही असावी: घट्ट मांस मोठ्यांस आणि पौष्टिक म्हणून सार मुलांस. विष मात्र सारातच उतरलेले असते.

विष ओळखण्याविषयी लोकांत ज्या समजुती आहेत त्यांचा येथे विचार करणे जरूर आहे. कारण अज्ञानापेक्षा खोटा भरवसा अधिक घातक. चांदीचे नाणे भांड्यात टाकले व काळे पडले तर शिनाणे विषारी, अशी पाश्चात्य देशांत जुनी समजूत आहे. ती निराधार ठरली आहे. तिसऱ्या रात्रभर पाण्यात ठेवल्याने रेव जाते, विष जात नाही. चिंच, कोकम किंवा लिंबू घातल्याने चव येते, दुसरे काही होत नाही. आंबटात तर हे विष अधिकच टिकते. बर्फात ठेवूनही ते कमी होत नाही.

सर्वांत मोठी समजूत पाण्याच्या रंगाविषयी आहे. शैवालांची फार वाढ झाली म्हणजे समुद्र लालसर, तपकिरी, हिरवा किंवा पिवळा दिसतो, आणि इंग्रजीतील नावावरून आपणही त्यास ‘लाल भरती’ म्हणू लागलो आहो. पण ही भरती नव्हे, आणि पुष्कळदा लालही नव्हे. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यातील जेम्स हॉर्नेल यांनी १९०८ सालीच मलबार किनाऱ्यावरील अशा रंगीत पाण्याची व त्यात मेलेल्या माशांची नोंद केली होती. गोव्याच्या समुद्रात फेब्रुवारीपासून मेपर्यंत भुसा पसरावा तसा तवंग कित्येकांनी पाहिला असेल; तो ट्रायकोडेस्मियम नावाच्या शैवालाचा, आणि दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केलेला आहे. २०२० च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या उजेडाने पेटल्या व लोक गाड्या भरभरून पाहावयास गेले. तो उजेड नॉक्टिल्यूका या भिंगरीचा. यांपैकी काहीही ते पक्षाघाती विष तयार करीत नाही. नॉक्टिल्यूका फार माजली तर पाण्यातील प्राणवायू सरतो, अमोनिया साठतो, मासे मरतात. पण ती गोष्ट वेगळी. उलटपक्षी, विषारी भिंगरीची संख्या शिंपले विषारी करण्याइतकी वाढली तरी पाणी स्वच्छ निळे दिसू शकते. म्हणजे रंगीत पाण्यात विष असेलच असे नाही, आणि नितळ पाण्यात ते नसेलच असेही नाही.

मग कळावे कसे? उपाय एकच: शिंपल्यांचे मांस वेळोवेळी प्रयोगशाळेत तपासणे. शंभर ग्रॅम मांसात ८० मायक्रोग्रॅमहून अधिक पक्षाघाती विष निघाले तर ते विकू नये, असा दंडक बहुतेक देशांत आहे आणि आपल्या अन्नविषयक नियमांतही तीच मर्यादा घातलेली आहे. ज्या देशांत शिंपल्यांची शेती मोठी आहे तेथे दर आठवड्यास नमुने घेतात, मर्यादा ओलांडली की ती खाडी बंद करतात, व नमुने पुन्हा निर्दोष येईपर्यंत उघडीत नाहीत. आपल्याकडे हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहाच्या साहाय्याने समुद्रातील शैवालांच्या वाढीची सूचना देत असते. ही सोय मोलाची आहे. पण उपग्रहास रंग दिसतो, विष दिसत नाही. आणि खाडीचे चिंचोळे पाणी त्याच्या दृष्टीत नीट मावतही नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. परदेशी जाणाऱ्या शिंपल्यांची तपासणी होते. कारण घेणारा देश कागद मागतो. परंतु ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उभे राहून बाया ज्या तिसऱ्या वेचतात, त्या दुपारपर्यंत बाजारात आणि संध्याकाळी आपल्या ताटात येतात; त्यांच्या वाट्यास ती तपासणी सहसा येत नाही. आणि त्या बाईच्या घरी तर विकून उरलेल्या तिसऱ्याच शिजतात. विषाचा पहिला घास तिच्याच मुलांच्या तोंडी जातो. तिला दोष देणारे मला पुष्कळ भेटले आहेत. ज्या गोष्टीचा छडा लावावयास दोन विद्वानांना दहा वर्षे उंदीर टोचावे लागले, ती तिने पाटीकडे पाहून ओळखावी, अशी ही अपेक्षा! मोसमी पावसानंतरच्या तीन-चार महिन्यांत तरी मोठमोठ्या खाड्यांतील शिंपल्यांचे नमुने नियमाने घेतले जावेत, आणि निकाल मराठी-कोंकणीत बाजाराच्या फळ्यावर लागावा, एवढी मागणी आपण साऱ्यांनी करण्याजोगी आहे. यास लागणारे शास्त्र आपल्याच किनाऱ्यावर उपलब्ध आहे.

दुसरीकडे विनाकारण घबराटही नको. अशी एखादी बातमी आली की लोक सारी मासळीच टाकतात व गरीब कोळ्याचा हंगाम बुडतो. माशाच्या मांसात हे विष सहसा साठत नाही. साठले तर आतड्यांत साठते, आणि ती आपण काढून टाकतोच. कोळंबीचे मांसही त्यातून बहुधा सुटते. खेकड्याच्या पोटातील भाग मात्र अशा दिवसांत टाळावा. जपावयाचे ते मुख्यतः दोन शिंपांच्या जीवांपासून: तिसऱ्या, खुबे, शिनाणे, कालवे. किनाऱ्यावर मासे किंवा पक्षी मरून पडलेले दिसले, एकाच गावात दोन-चार घरी ओठ बधिर झाल्याची तक्रार आली, किंवा सरकारी खात्याने सूचना दिली, तर ती उठेपर्यंत यांपैकी काही शिजवू नये.

एवढे करूनही कोणास बाधा झालीच, तर वेळ हीच सर्वांत महत्त्वाची. या विषावर उतारा नाही. परंतु विष कायमची इजाही करीत नाही. ते हळूहळू लघवीवाटे निघून जाते. तोपर्यंत, म्हणजे सुमारे बारा ते चोवीस तास, रोग्याचा श्वास कृत्रिम रीतीने चालू ठेवला तर तो बहुधा पूर्ण बरा होतो. म्हणून शिंपले खाल्ल्यानंतर ओठांस व जिभेस मुंग्या आल्या की ‘पित्त असेल, लिंबूपाणी घ्या, निजा’ असे म्हणत बसू नये. ज्या इस्पितळात श्वासयंत्र आहे तेथेच रोग्यास तडक न्यावे, आणि शिंपले खाल्ल्याचे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. किनाऱ्यापासून दूरच्या गावी डॉक्टरांच्या मनात ही शंका येईलच असे नाही. घरी बोटे घालून ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये; घसा लुळा पडू लागला असला तर ओकारी श्वासनलिकेत जाते. वाटेत श्वास मंदावला तर तोंडाने तोंडात श्वास भरावा व इस्पितळ येईपर्यंत थांबू नये. रोगी डोळे मिटून निपचित पडला असला तरी त्याच्यापाशी रडारड न करता धीराचे बोलावे, कारण तो ऐकत असतो. ज्यांनी तेच कालवण खाल्ले त्या घरच्या सर्वांसच, विशेषतः मुलांना, बरोबर न्यावे, मग त्यांना काही होत असो वा नसो. आणि भांड्यात उरलेले कालवण व न शिजवलेल्या तिसऱ्या फेकू नयेत. डब्यात घालून बर्फात ठेवाव्यात, त्या कोणत्या खाडीतल्या, कोणत्या दिवशीच्या, कोणाकडून घेतल्या ते चिठ्ठीवर लिहून डब्यास बांधावे, आणि डबा आरोग्यखात्याच्या स्वाधीन करावा. त्याच पाटीतल्या तिसऱ्या त्या वेळी आणखी कोणाच्या तरी चुलीवर असतात.